एकाच जाळ्यातील दोन कुळे

प्रभू येशूने स्वर्गराज्याला जाळ्याची उपमा दिली. जाळ्यात सर्व प्रकारचे मासे येतात; ते भरले म्हणजे कोळी काठावर ओढतात आणि खाली बसून निवड करतात. यातील 'खाली बसून' हे शब्द आम्हांस नेहमीच बोलके वाटत आले आहेत. निवडीचे काम उभ्याउभ्या होत नाही. आमच्या किनाऱ्यावरील धर्मग्रामांत हे दृश्य नित्याचे आहे. होडी लागली की बायका बंदरावर बसतात आणि बोलता बोलता बोंबील एका पाटीत, मांदेली दुसरीत, करंदी तिसरीत जाऊन पडते. हात चालत असतात, डोळ्यांना विचार करावा लागत नाही.

परंतु दोन मासे रूपाने, रंगाने आणि चवीने सारखेच असले, एकाच जाळ्यात एकाच वेळी सापडले, आणि तरीही ते निरनिराळ्या घराण्यांचे असले, तर निवड कशी करावी? हा प्रश्न युरोपच्या उत्तर टोकाला शंभर वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे. त्याचा विषय आहे कॉड हा मासा. या प्रश्नाच्या इतिहासात एका मठवासीयाचे वाटाणे आहेत, एका व्हेनिसच्या व्यापाऱ्याची फुटलेली नौका आहे, आणि हजारो कुटुंबांची बुडालेली रोजीरोटीही आहे. म्हणून तो येथे सांगण्याचे योजिले आहे.

नॉर्वे देशाच्या वायव्य किनाऱ्यापुढे, उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, लोफोतेन नावाची द्वीपमाला आहे. दर हिवाळ्यात, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, बॅरेंट्स समुद्रातून कॉडचे प्रचंड थवे शेकडो मैल पोहत या बेटांजवळ अंडी घालण्यासाठी येतात. स्थानिक लोक या पाहुण्या माशाला 'स्क्राय' म्हणतात. भटकणे, पुढे पुढे सरकणे या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दावरून हे नाव पडले. मासे पकडून, डोके छाटून, जोडीजोडीने शेपटीला बांधून लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ लावत नाहीत. थंड वारा आणि कोवळे ऊन एवढ्यावरच तो मासा काष्ठवत सुकतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. आमच्याकडे वलांडीवर बोंबील वाळत घालतात, तेच हे; फक्त तेथे ऊन कमी आणि वारा अधिक.

या सुक्या माशाशी पवित्र सभेचा संबंध फार जुना आहे. बाराव्या शतकाच्या आरंभी राजा ऑयस्टाइन याने लोफोतेनमधील वोगान येथे मच्छीमारांसाठी चर्च बांधले. ११५२-५३ च्या सुमारास पोपचे प्रतिनिधी म्हणून कार्डिनल निकोलस ब्रेकस्पिअर नॉर्वेत आले व त्यांनी निदारोस येथे आर्चबिशपांचे पीठ स्थापन केले. हेच कार्डिनल ११५४ साली पोप आद्रियन चौथे झाले. निदारोसचे आर्चबिशप पुढे सुक्या माशाच्या व्यापारात स्वतः भागीदार होते. उपवासकाळात आणि शुक्रवारी मांस वर्ज्य असलेल्या युरोपला टिकाऊ मासा हवा होता, आणि तो या आर्चबिशपांच्या प्रांतात मुबलक होता.

१४३१ साली पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा सरदार-व्यापारी क्रीट बेटावरून द्राक्षारसाची पिंपे घेऊन फ्लँडर्सकडे निघाला. वादळाने सुकाणू मोडले आणि जहाज उत्तरेकडे वाहत गेले. अडुसष्ट जणांपैकी अकराच वाचले. १४३२ च्या जानेवारीत ते लोफोतेनच्या टोकाला असलेल्या रॉस्त बेटाजवळच्या एका निर्जन खडकावर लागले. रॉस्तच्या कोळ्यांनी त्यांना शोधून घरी नेले आणि उन्हाळा लागेपर्यंत सांभाळले. बेटावर सुमारे १२० माणसे होती. त्यांची भाषा पाहुण्यांना कळेना. पण बेटावरचे धर्मगुरू डॉमिनिकन संघाचे होते, त्यांच्याशी लॅटिनमधून संभाषण झाले. ज्या भाषेचे व्याकरण गुरुकुलात आम्हांस नकोसे झाले होते, तिने त्या बेटावर अकरा जिवांना बोलते केले हे वाचून आम्हांस थोडी शरम वाटली! क्वेरिनीने आपल्या वृत्तांतात या वाऱ्यावर सुकवलेल्या, कुऱ्हाडीच्या पाठीने ठेचून लोणी-मसाल्यात शिजवलेल्या माशाचे वर्णन केले आहे. इटलीतील विचेंझा परगण्यात आजही त्याच माशाचे पक्वान्न होते.

आता मूळ विषयाकडे येऊ. लोफोतेनच्या मच्छीमारांना एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. हिवाळ्यात येणारा स्क्राय वेगळा आणि वर्षभर खाड्यांतच राहणारा, उथळ पाण्यातील समुद्रशेवाळात वावरणारा किनारी कॉड वेगळा. दोघांना त्यांनी दोन नावे दिली होती. मात्र अंडी घालण्याच्या दिवसांत दोघेही त्याच पाण्यात, त्याच जाळ्यात येतात, आणि तेव्हा नावे उपयोगी पडत नाहीत.

शास्त्रज्ञांनी हा विषय हाती घेतला तो हेरिंग माशापासून. जर्मनीचे फ्रीडरिश हाइन्के यांनी हजारो हेरिंगांचे मणके, पर व खवले मोजून १८९८ साली दाखवून दिले की हेरिंगची एकच जात असली तरी तिच्या स्थानिक शाखा अनेक आहेत. १९०२ मध्ये कोपनहेगन येथे समुद्राच्या अभ्यासासाठी आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिच्या पहिल्या पिढीतील नॉर्वेचे योहान योर्ट यांनी १९१४ च्या आपल्या ग्रंथात मत्स्योत्पादनाचे चढउतार पिढ्यांच्या हिशोबाने मांडले. मासेमारीचा हिशोब म्हणजे नुसते टनांचे गणित नव्हे, ते एखाद्या समाजाच्या जन्ममृत्यूचे गणित आहे, ही दृष्टी योर्ट यांची. ती मान्य केली की पुढचा प्रश्न अटळ होतो : समाज कोणता? कोणाचे जन्म आणि कोणाचे मृत्यू एकत्र मोजायचे?

१९३३ साली गुन्नार रोलेफसेन यांनी कॉडच्या कानातील खडा पुढे केला. घोळ किंवा ढोमा कापताना डोक्यातून पांढरे खडे निघतात, ते आपल्या भगिनींनी पाहिलेच असतील. झाडाच्या खोडाप्रमाणे या खड्यात वर्षावर्षाची वलये असतात. रोलेफसेन यांना आढळले की स्क्राय आणि किनारी कॉड यांच्या खड्यांतील अगदी आतल्या दोन वलयांची ठेवण निराळी असते. ही खूण आजही वापरात आहे. पण तिच्यावर एक आक्षेप होता आणि तो रास्त होता. खड्याचा आकार रक्ताने ठरतो की राहणीने? बालपण खोल थंड पाण्यात गेले म्हणून वलये तशी पडली असतील, तर दोन कुळे मानण्याचे कारण काय?

या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर राहणीने न बदलणारी खूण हवी होती. ऑगस्टिनियन संघाचे ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रुनो शहरातील मठाच्या बागेत वाटाण्याच्या रोपांवर केलेले प्रयोग १८६६ साली छापले, तेव्हा त्यांची कोणी दखल घेतली नाही. ते पुढे मठाधिपती झाले, करांच्या वादात गुंतले आणि १८८४ मध्ये वारले. १९०० साली त्यांचे नियम पुन्हा सापडले. गुणधर्म रंगासारखे एकमेकांत मिसळून फिके होत नाहीत, ते अखंड कणांप्रमाणे आईबापांकडून मुलांकडे जातात, हे त्यांचे सांगणे. या कणांनाच आपण जनुके म्हणतो. एका जनुकाची दोन रूपे असू शकतात, आणि मासा कोठेही वाढला तरी जन्मतः मिळालेले रूप बदलत नाही.

अशा खुणेवरून कुळ कसे ओळखावे, हे समजून घेण्यासाठी धर्मग्रामाची बाप्तिस्म्याची नोंदवही डोळ्यांपुढे आणावी. एका गावच्या वहीत शंभरांत साठ नावे परेरा आणि दहा डाबरे असतील, शेजारच्या गावात दहा परेरा आणि साठ डाबरे असतील. एकटा परेरा पाहून तो कोणत्या गावचा हे सांगता येत नाही; पण शंभर माणसांची यादी पाहिली तर गाव सांगता येते. दोन गावांत सर्रास सोयरिकी होऊ लागल्या तर काही पिढ्यांत दोन्ही वह्यांतील प्रमाण सारखे होईल. सोयरिकी बंद असतील तर फरक राहील, वाढेलही.

विवाहाच्या नोंदवहीचाही उपयोग आहे. दोन गावांची माणसे एकाच जत्रेत मिसळली आहेत, पण परेरा-डाबरे असा विवाह अपेक्षेपेक्षा फारच थोड्या घरांत दिसतो, असे आढळले तर जत्रा एक असली तरी गावे दोन आहेत हे उघड होते. मिश्र संततीच्या या तुटवड्याचे गणित स्वीडनचे स्टेन वालुंड यांनी १९२८ साली मांडले, आणि जाळ्यातील माशांची गर्दी एकाच कुळाची आहे की मिसळलेली, हे तपासण्यास ते आजही कामास येते.

१९५० नंतर प्रयोगशाळांत एक सोपी रीत रुळली. रक्तातील प्रथिने जेलीसारख्या थरावर ठेवून त्यातून वीज सोडली की वेगवेगळ्या रूपांची प्रथिने वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि पट्टे दिसू लागतात. डेन्मार्कचे क्नुड सिक यांनी या रीतीने कॉडचे रक्त तपासले. १९६१ साली त्यांनी जाहीर केले की कॉडच्या हिमोग्लोबिनची दोन मुख्य रूपे आहेत आणि ती मेंडेलच्या नियमांप्रमाणे वारशाने उतरतात. पुढे त्यांनी व त्यांच्या नॉर्वेजियन सहकाऱ्यांनी ठिकठिकाणचे रक्त गोळा केले. पहिल्या रूपाचे प्रमाण डेन्मार्कभोवतीच्या पाण्यात शंभरांत साठच्या आसपास, तर उत्तरेकडे जाता जाता ते घसरून स्क्रायमध्ये दहाच्या आसपास! समुद्राच्या नोंदवहीची पाने अशी पहिल्यांदा उघडली गेली.

नॉर्वेचे डाग म्यॉलर यांनी १९६० च्या दशकात लोफोतेनच्या पाण्यातील कॉडचे हिमोग्लोबिन आणि रक्तातील आणखी एक प्रथिन तपासले. रोलेफसेन यांच्या खड्यांनी केलेली निवड आणि रक्ताने केलेली निवड जुळू लागली. १९६८ पर्यंत म्यॉलर यांची खात्री झाली होती की हे दोन समूह एकमेकांशी जवळजवळ सोयरीकच करीत नाहीत. मच्छीमारांच्या दोन नावांवर शास्त्राची मोहोर उमटली असे वाटले.

पण प्रकरण इतक्यात मिटणारे नव्हते. हिमोग्लोबिनची दोन रूपे निरनिराळ्या तापमानांत निरनिराळ्या क्षमतेने प्राणवायू वाहतात, थंड पाण्यात दुसरे रूप सरस ठरते, असे १९८० च्या सुमारास रशियन संशोधकांनी दाखवले. मग उत्तरेत दुसऱ्या रूपाचे प्रमाण अधिक असणे हा वेगळ्या कुळाचा पुरावा की केवळ थंडीने केलेली छाटणी? आमच्या उदाहरणात सांगायचे तर, एखाद्या गावात डाबरे अधिक दिसतात ते गाव वेगळे म्हणून, की तेथील हवा इतर कोणास मानवत नाही म्हणून? १९८५ साली यार्ले मोर्क आणि सहकाऱ्यांनी अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरील कॉडची अनेक प्रथिने तपासली, तेव्हा फरक अगदी किरकोळ निघाले. पेशीतील ऊर्जाकेंद्रांत असणारा, केवळ आईकडून येणारा डीएनए पुढे तपासला गेला, तोही दोन्ही कुळांत बहुतांशी सारखाच. म्यॉलर यांची बाजू दुबळी पडली. दोन कुळे नाहीतच, एकाच माशाच्या दोन सवयी आहेत, असे म्हणणाऱ्यांची संख्या वाढली.

येथे थोडे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण या सर्व इतिहासाचा काटा येथेच रुततो. नोंदवहीतील प्रमाण सारखे व्हायला फार सोयरिकी लागत नाहीत. प्रत्येक पिढीत दोन-चार सुना इकडून तिकडे गेल्या तरी काही पिढ्यांत वह्या सारख्या दिसू लागतात. पण गाव ओस पडले तर दोन-चार सुनांनी ते पुन्हा भरत नाही. 'फरक दिसत नाही' आणि 'कुळ एकच आहे' ही दोन विधाने एक नव्हेत. संशोधकांना हे ठाऊक नव्हते असे नाही. परंतु मासेमारीचे कोटे ठरवणाऱ्यांना सोपा हिशोब हवा असतो, आणि नकाशावर एकच मोठा चौकोन आखून त्यातील सर्व मासे एका बेरजेत धरणे हा सर्वांत सोपा हिशोब होय.

त्या हिशोबाची किंमत अटलांटिकच्या पलीकडच्या किनाऱ्याने मोजली. न्यूफाउंडलंडच्या पुढचा समुद्र कॉडने इतका भरलेला होता की सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज, बास्क, फ्रेंच व इंग्रज होड्या तेथे जात. ज्या पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई घेतली, त्यांच्याच देशात तेथील खारवलेला कॉड 'बाकल्याव' या नावाने उपवासकाळाचे मुख्य अन्न होऊन बसला. विसाव्या शतकात मोठे ट्रॉलर आले. १९६८ साली तेथील उत्तरी कॉडची पकड आठ लाख टनांवर गेली, ती पुन्हा कधीच तेवढी झाली नाही. १९७७ मध्ये कॅनडाने दोनशे सागरी मैलांपर्यंत आपला अधिकार लागू केला. परदेशी जहाजे गेली, पण त्यांची जागा स्वदेशी ट्रॉलरांनी घेतली.

१९८० च्या दशकात उपसागरांतील लहान होड्यांचे मच्छीमार सांगू लागले की किनाऱ्याला मासा येईनासा झाला आहे. खोल समुद्रातील ट्रॉलर मात्र भरभरून येत होते आणि सरकारी अंदाज मुख्यतः ट्रॉलरांच्या पकडीवर व खोल पाण्यातील पाहणीवर बेतलेला होता. सारे मिळून एकच साठा असे गृहीत होते, त्यामुळे एका कोपऱ्यातील रिकामे जाळे बेरजेत दिसत नव्हते. १९९० साली लेस्ली हॅरिस यांच्या समितीने धोक्याचा अहवाल दिला. पकड कमी करण्यात तरीही चालढकल झाली. २ जुलै १९९२ रोजी मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी उत्तरी कॉडच्या मासेमारीवर बंदी जाहीर केली. जवळजवळ तीस हजार माणसांचे काम गेले. ती बंदी दोन वर्षांपुरती म्हणून सुरू झाली आणि २०२४ पर्यंत चालली. आमच्या मते या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक आकडेमोडीची नव्हती. जे खाली बसून निवड करीत होते त्यांना विचारले गेले नाही, ही होती.

बंदीनंतर संशोधकांनी पुन्हा जनुकांकडे पाहिले. या वेळी त्यांच्या हाती अधिक बारीक खुणा होत्या. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-चार अक्षरांची तीच जोडणी पुनःपुन्हा येते आणि तिची संख्या व्यक्तीगणिक बदलते. हिमोग्लोबिनची दोन-तीन रूपे, तर अशा एकेका जागेची दहा-वीस रूपे. नोंदवहीत जणू दोन आडनावांऐवजी वीस आडनावे मिळाली. डॅनिएल रुझांते आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले की ट्रिनिटी उपसागरात हिवाळा काढणारा कॉड आणि खोल समुद्रात हिवाळा काढणारा कॉड यांत लहान पण ठाम फरक आहे. उपसागरातील माशांच्या रक्तात गोठण्यापासून बचाव करणारे प्रथिनही अधिक होते, कारण ते गोठणबिंदूखालच्या पाण्यात राहत. जुन्या मच्छीमारांना 'उपसागराचा मासा' वेगळा वाटे, तो वेगळाच होता. लॅब्राडोरमधील गिल्बर्ट उपसागरात तर सोनेरी छटेच्या कॉडचे एक लहानसे कुळ निघाले, आणि त्याच्यासाठी २००५ मध्ये तो उपसागर संरक्षित करण्यात आला.

इकडे नॉर्वेत १९९७ साली स्वाइन-एरिक फेव्होल्डेन आणि ग्रँट पॉगसन यांना एक असे जनुक सापडले की सारा जुना वाद पुन्हा पेटला. त्याची दोन रूपे : स्क्रायमध्ये एक जवळजवळ सर्वत्र, किनारी कॉडमध्ये दुसरे बहुसंख्य. इतका ठळक फरक पूर्वी कोणत्याच खुणेने दाखवला नव्हता. रोलेफसेन आणि म्यॉलर बरोबर होते तर! परंतु आक्षेपही जुनाच उभा राहिला, की या जनुकावरही निसर्गाची निवड चालते, तेव्हा तो कुळाचा पुरावा मानावा काय?

वाद चालू असताना व्यवहाराने ती खूण उचलली. किनारी कॉडची संख्या १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून घसरत होती, आणि तो स्क्रायच्या गर्दीत मारला जात होता. लोफोतेनमधील हेनिंग्सवेर गावाजवळचा एक टापू राखून ठेवण्यात आला. २००७ ते २०१७ या काळात हंगामात तेथील माशांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवून त्या एका जनुकावरून तत्काळ तपासले जात. स्क्रायचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेवर गेले की टापू मासेमारीस खुला, किनारी कॉडचे वाढले की बंद. मेंडेलच्या बागेतला नियम असा एका बंदरावरचे दार उघडझाप करू लागला.

२०११ साली ओस्लो येथील गटाने कॉडची संपूर्ण जनुकमालिका प्रसिद्ध केली आणि मग या वादाचा उलगडा झाला, तो दोन्ही पक्षांना अनपेक्षित होता. २०१६ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की स्क्राय आणि किनारी कॉड यांची गुणसूत्रे बहुतेक ठिकाणी सारखीच आहेत. पण पहिल्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा एकात सुलट आहे आणि दुसऱ्यात उलट. त्या तुकड्यात सातशेहून अधिक जनुके आहेत, १९९७ चे प्रसिद्ध जनुकही त्यातच. रोझरीची माळ घ्यावी आणि तिच्यातील एखाद्या दशकाचे मणी उलट क्रमाने ओवावेत, तसे हे. आईची माळ आणि बापाची माळ शेजारी ठेवून मण्यांची अदलाबदल होते, तेव्हा सारखे दशक सारख्या दशकाशी जुळते. उलटे ओवलेले दशक मात्र जुळत नाही, म्हणून ते जवळजवळ अखंडच पुढच्या पिढीत जाते. त्यातील काही जनुकांचा संबंध माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीशी असावा असे संशोधकांनी सुचवले आहे. स्क्राय शेकडो मीटर खोल उतरतो, किनारी कॉड उथळ पाण्यात राहतो, तेव्हा हे सुसंगत दिसते. सोयरिकी थोड्याफार होत राहिल्या, म्हणून बाकीची माळ सारखी राहिली. आणि प्रवासी माशाला जे लागते ते एका उलट्या दशकात जपले गेले. मोर्क यांनी जे पाहिले तेही खरे, म्यॉलर यांनी पाहिले तेही. प्रत्येकाने माळेचा वेगवेगळा मणी धरला होता.

या खुणेचा एक उपयोग असा झाला की त्याने आमच्याच एका प्रवचनाला धक्का दिला. जर्मनीच्या उत्तरेस हाइथाबू नावाचे व्हायकिंग काळातील व्यापारी बंदर होते, ते १०६६ च्या सुमारास उद्ध्वस्त झाले. तेथील उकिरड्यांत कॉडची हाडे सापडली आहेत. कॉड जवळच्या समुद्रातही मिळतो, मग ही हाडे कोठल्या माशाची? बास्तियान स्टार, जेम्स बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या हाडांतील डीएनए वाचला. ८०० ते १०६६ या काळातील ती हाडे उत्तर ध्रुवीय पाण्यातील कॉडची, म्हणजे स्क्रायच्या घराण्याची निघाली. जवळच्या समुद्राचा मासा सोडून दूर उत्तरेचा सुका मासा तेथे येऊन विकला जात होता. नॉर्वेचे संत ओलाफ १०३० साली रणांगणावर पडले आणि त्यानंतर तेथे ख्रिस्ती धर्म दृढ झाला. म्हणजे यांतील काही मासे तरी त्याआधीच्या, बाप्तिस्मा न झालेल्या कोळ्यांनी पकडलेले असू शकतात. सुक्या माशाचा व्यापार आपल्या उपवासकाळाने जन्माला घातला, असे आम्ही राखेच्या बुधवारी अनेकदा सांगत आलो. उपवासाने तो वाढवला हे खरे. पण जन्म बहुधा आधीचाच. ते वाक्य आम्ही आता गाळले आहे.

किनारी कॉडचा प्रश्न मात्र संपलेला नाही. बारकाईने पाहता तोही एक कुळ नसून दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत हळूहळू बदलत जाणारी माळ आहे असे आढळले, आणि आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२१ पासून सदुसष्टाव्या अक्षांशाच्या उत्तरेचा व दक्षिणेचा किनारी कॉड वेगळा मोजण्यास सुरुवात केली. उत्तर समुद्रातील कॉड दीर्घकाळ एकच साठा धरला जात होता, त्याचे आणि लगतच्या पाण्याचे मिळून २०२३ मध्ये तीन उपसाठे करण्यात आले. स्क्रायचा कोटा २०१३ साली दहा लाख टनांवर पोचला होता, तो घटत २०२५ साठी तीन लाख चाळीस हजार टनांवर आला. बंदरावरच्या वजनाच्या नोंदीत मात्र दोन्ही कुळे आजही 'कॉड' या एकाच नावाखाली उतरतात. त्यांतील किनारी किती आणि स्क्राय किती, हे मागाहून नमुन्यांच्या कानातील खडे पाहून ठरवले जाते, आणि त्या आतल्या दोन वलयांपाशी आजही कोणी तरी भिंग घेऊन बसलेले असते.